दशरथाचा शेजारी गजा, गजाचा शेजारी दशरथ

प्रिय दशरथ यास,

भिवपुरीहून गजाचा, मध्ये अजून क्वार्टरची भिंत आहे असं समजून तिच्यावर दोनदा टकटक करून, नमस्कार. सुनितावहिनींचा खोकला कसा आहे? मोहोपाड्याच्या हवेला नाक सरावलं का? तुझ्या गुडघ्यांचं मुद्दाम विचारत नाही. आमच्याकडे सगळं ठीक. (आमची सौ. जना थोडी सुटलीय, पण ती वाचायच्या आत पाकीट चिकटवतोय.)

विशेष असं की, वीजकेंद्राच्या जुन्या क्वार्टरवाल्यांचा मेळावा ठरवलाय आणि कोण येणार ते कळावं म्हणून मी वेबसाइट केली. हसू नको. व्हॉल्व दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस व्हिडिओ बघून जावा ही संगणकाची भाषा शिकू शकतो. रचना सोपी आहे. मोबाइलवरचं पान विचारतं, दशरथ कोण? आणि देव्हाऱ्याखाली ठेवलेला आमच्या तेजश्रीचा जुना लॅपटॉप, म्हणजे आपला सर्व्हर, उत्तर धाडतो. (जना त्यालाही उदबत्ती ओवाळते, त्यामुळे बटणांत राख.)

आता गंमत ऐक. जावात मी एकेक अख्खा माणूस बनवला: नाव, खोली, बायको, आवडीनिवडी आणि शेजारी. पानानं तुला मागितलं की सर्व्हर तुला अख्खाच्या अख्खा पाठवायचा. पण तुझ्यात शेजारी म्हणून मी. मग मी अख्खा निघालो. माझ्यात शेजारी म्हणून तू, म्हणजे पुन्हा तू निघालास, तुझ्यामागून पुन्हा मी. लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा ओरडला आणि सर्व्हर आडवा झाला. जनानं विचारलं, "काय झालं त्याला?" म्हटलं, दशरथ आणि मी एकमेकांना पोचवतोय. ती म्हणाली, "मंग तो कुटला आज उठतोय."

आठवतं ना रे? आपली दारं लागून, तरी पोचवायची पद्धत. जेवण झालं की तू सुपारी कातरायला यायचास. निघालास की मी तुला तुझ्या दारापर्यंत सोडायला, मग मी एकटा कसा जाणार म्हणून तू मला सोडायला. कँटीनच्या चहापासून साहेबाच्या कुत्र्यापर्यंत सगळे विषय त्या चार पावलांत. शेवटी वहिनी आतून कडी घालायच्या, "दोगंबी ओटीवरच निजा." (आणि एकदा खरंच निजलो.)

तेजश्रीनं पुण्याहून फोनवर झापलं. "बाबा, अख्खा माणूस कशाला पाठवताय? डीटीओ करा." म्हणजे डेटा ट्रान्सफर ऑब्जेक्ट: पानाला लागतं तेवढंच भरून पाठवायचं भांडं. मला लगेच उमगलं. वहिनी नाही का, खेकड्यांचं कालवण वाटीत घालून वर ताटली झाकून धाडायच्या? चूल, पाटा आणि त्यांचा राग घरीच राहायचा. तसं भांडं केलं. त्यात तुझं नाव, खोली, मेळाव्याला येणार का, आणि शेजाऱ्याच्या जागी माझं नुसतं नाव. आत माणूस नाही. सर्व्हर एका झटक्यात शहाणा झाला. पण ते पान बघून मला काही बरं वाटेना. तू लेकाकडे गेल्यापासून माझ्याकडेही तुझं नुसतं नावच उरलंय.

असो. वहिनींना नमस्कार, नातवंडांना गोड पापा.

तुझाच,
गजा

ता. क. सगळ्यांच्या नावापुढे 'येणार' आलंय, तुझ्यापुढची जागा तेवढी कोरी आहे. कोरी राहिली की पान मोडतं, तेव्हा पाकिटामागे लिहिलेल्या पत्त्यावर पान उघड आणि बटण दाब. (हे खोटं आहे. तेजश्रीनं त्याची सोय केलीय. मलाच बघवत नाही.)

आणखी एक. बाकीच्यांना मी फोनच केला होता. वेबसाइट केली ती तुझ्या एकट्यासाठी. फोनवर दरवेळी तू गुडघे पुढे करतोस. म्हणून भांड्यात गुडघ्यांना जागाच ठेवली नाही, आणि पानावर बटणही एकच आहे: 'येणार'.

शेवटचं. चौकला गाडीत बस, कर्जतला मी टेंपो घेऊन उभा असेन. परत जाताना तुला चौकपर्यंत पोचवायला येईन. मग मला कर्जतपर्यंत पोचवायला तू येशीलच.