औषधाच्या नावाचं शेपूट

३ मार्च
सुनेवर माझा संशय आहे. घरात तो कोणापाशी बोलता येत नाही, म्हणून ही वही.

काल ह्यांना बाथरूममध्ये चक्कर आली. महिन्याभरातली तिसरी. घड्याळ लावून नाडी पाहिली – अठ्ठेचाळीस. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टर बदलले आणि गोळ्यांचा कारभार सुनेने हातात घेतला. तेव्हापासून हे सुरू झालं. 'आई, जुन्या सगळ्या बंद हं,' म्हणाली होती. सकाळच्या चहाबरोबरची पांढरी तेवढी मी अजून माझ्या हाताने देते. बारा वर्षं सोसलेली गोळी, ती कशी नडेल?

५ मार्च
तिचा गोळ्यांचा डबा उघडला. गेल्या महिन्यात गुलाबी होती, ती आता पिवळी! पाकिटावरचं नावही निराळं. विचारलं तर म्हणते, 'एकच आहे हो, आई.' मला काय डोळे नाहीत?

६ मार्च
औषधाच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाले, 'मावशी, मोठ्या अक्षरांतलं नाव कंपनीचं लाडाचं. खरं नाव खाली, बारीक अक्षरांत. त्याचं शेपूट बघा, कूळ कळतं.'

उतरवून घेतलं. स्टॅटिन – कोलेस्टेरॉल. प्रिल – रक्तदाब, कधी कोरडा खोकला. ओलॉल – रक्तदाबच, पण नाडी मंद करतं.

'परीक्षेला बसताय का?'

'नाही. घ्यायची आहे,' मी म्हटलं.

७ मार्च
भाजी चिरताना पाठांतर. सून दारात येऊन, 'काय पुटपुटताय, आई?' मी पुढची भाजी चिरायला घेतली.

८ मार्च
भिंगाने वाचलं. गुलाबी आणि पिवळी, दोन्हींवर मेटोप्रोलॉल. म्हणजे तेवढं ती खरं बोलली, मान्य. पण ओलॉल! नाडी त्यानेच उतरते. घाईत दोन-दोन देत असणार. उद्या घरातली सगळी पाकिटं टेबलावर मांडायला लावते. एकही सुटता कामा नये.

९ मार्च
मांडली. दिवसाला एकच ओलॉल, गोळ्या बरोबर उरलेल्या. सून हाताची घडी घालून उभी. 'झालं समाधान?'

एकही सुटता कामा नये, असं मीच म्हटलेलं. साखरेच्या डब्यामागचं माझं पाकीट आणून ठेवलं. बारा वर्षांत त्यावरची बारीक अक्षरं मी कधी वाचली नव्हती. वाचली – एटेनोलॉल.

तिने ते हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं. 'हे रोज देत होतात?'

'रोज.'

तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. पांढरी बंद, आणि ह्यांना लगेच घेऊन यायला सांगितलं. रिक्षात ह्यांचा हात तिने धरला होता. मी पुढे बसले.

१३ मार्च
नाडी चौसष्ट. आज हे बाथरूमपर्यंत भिंत न धरता गेले.

सुनेच्या हाती दिलं: पांढऱ्या गोळ्यांचं ते पाकीट, अर्धं उरलेलं. शेपटांचा कागद. ही वही, पहिल्या पानासकट.