आठ महिन्यांचा पट्टा

११ एप्रिल

चि. मनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझी खुशाली आत्याकडून कळते, त्यामुळे तशी काळजी नाही. फोन दोनदा केला होता. उचलला नाहीस; जनावरांच्या दवाखान्यात हात गुंतलेले असणार. म्हणून पत्र. पत्राचं एक बरं असतं, ते मध्येच कापता येत नाही.

इकडे ऊन मी म्हणतंय. दुपारी पत्र्यावर पाणी मारलं तर खाली टपकायच्या आत वाफ होते. शाळांना सुट्ट्या लागल्या, माणसं फिरायला निघाली आणि आपलं वसतिगृह भरलं. अकरा कुत्री, तीन मांजरं. एकाने पोपट आणला होता. म्हटलं, इथे चार पायांच्या खाली प्रवेश नाही.

शेठ मजेत आहे. टेबलामागच्या माझ्या खुर्चीत बसून गिऱ्हाइकांची हजेरी घेतो. परवा एक नवा माणूस विचारत आला, "शेठ कुठे भेटतील?" मावशीने खुर्चीकडे बोट केलं. तो गडबडीत कुत्र्यालाच नमस्कार करून मोकळा झाला. मी मागे बादली घेऊन उभा होतो. मला त्याने गडी समजून छत्री धरायला दिली.

आता कामाचं. आपल्याकडे गोचीड झाली आहे.

पुन्हा वाच. आपल्याकडे. दुसऱ्यांची कुत्री धुता धुता ज्याने ही जागा उभी केली, जो बावीस वर्षं दारातच प्रत्येक पाहुण्याचे कान उलटून आणि बोटांच्या बेचक्या चाचपून मगच आत घेतो, त्याच्याकडे. बँकेतल्या बाईंचा तपकिरी कुत्रा दहा दिवस राहून घरी गेला आणि पुढच्या आठवड्यात तापाने आडवा झाला. हिरड्या पांढऱ्याफटक, अन्नाला शिवत नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं. गोचीडताप. वाचेल की नाही, अजून सांगत नाहीत. बाई ओरडल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्या भरवशावर सोडून गेले होते हो." त्या आवाजाने मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

आता गोचीड काही रिक्षाने येत नाही. कोणीतरी हयगय केली आहे किंवा कोणीतरी मुद्दाम केलं आहे. माझ्या मनात पाल चुकचुकते ती मावशीबद्दल. लगेच डोळे वटारू नकोस. चौदा वर्षं ती आपल्याकडे आहे, तुला मांजर उचलायला तिने शिकवलं, सगळं मान्य. तिला वाचता येत नाही म्हणून कुत्र्यांच्या औषधाच्या खोक्यांना तू लाल पट्टी चिकटवलीस, आणि तेव्हापासून लाल पट्टीचं खोकं मांजरांच्या खोलीच्या उंबऱ्यावरसुद्धा तिने ठेवलं नाही. कुत्र्याच्या औषधाचा थेंब मांजराला लागला तर ते थरथरून मरतं, हे ती नव्या गिऱ्हाइकांना इतकं रंगवून सांगते की दोघी जणी घाबरून परत गेल्या. हेही मान्य.

पण मी ऐकलं ते ऐक. मानेवर थेंब सोडायच्या नळीचं टोक मोडताना 'कट्' असा आवाज होतो. सोमवारी मी दाराबाहेर बसून मोजले. आत कुत्री अकरा. आवाज नऊ.

दुसरं. दुपारी मी जरा पडलो की आपल्या घरामागच्या अंगणाची कडी वाजते. हळू, फडक्यात धरून उघडल्यासारखी. मी उठून जाईपर्यंत कोणी नाही.

तिसरं. चौकापलीकडे नवं वसतिगृह निघालंय, थंडगार खोल्या, भिंतीवर हाडांची चित्रं. तिथला मालक मावशीशी भाजीवाल्यापाशी बोलत होता. काय बोलला ते कळलं नाही, पण ती हसली. चौदा वर्षांत माझ्या विनोदाला ती तशी हसलेली नाही.

कुठेतरी पाणी मुरतंय. तिला ठेवू की काढू? तू तिला जास्त ओळखतेस. कळव.

तुझा,
बाबा

ता. क. शेठ अजून तुझ्या खोलीच्या दाराशीच बसतो. बाकी काही नाही.


२३ एप्रिल

चि. मनीस,

आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. चार वेळा वाचलं. तीनच ओळी असल्यामुळे वेळ लागला नाही. 'मावशीला काढू नका. भिंतींच्या भेगा बघा. शेठचा पट्टा कधी बदलला?' खाली सही. मायना नाही, पण ठीक आहे, शाई महाग झाली असेल.

क्रमाने उत्तर देतो.

भेगा पाहिल्या. तुझं बरोबर होतं. गोचीड पोट भरलं की कुत्र्यावरून उतरते आणि भिंत चढून भेगेत अंडी घालते, हे मला ठाऊक होतं, पण आपल्या भिंतीत ती असं करील असं वाटलं नव्हतं. या उकाड्यात तर तिचा संसार भराभर वाढतो. मांजरं पुढच्या खोलीत हलवली, कुत्र्यांना दिवसभर झाडाखाली ठेवलं आणि माणूस लावून सगळ्या भेगा बुजवून फवारून घेतल्या. सगळ्यात जास्त कुठे निघाल्या माहीत आहे? ऑफिसात. माझ्या खुर्चीमागच्या लाकडी फळीत. तिथे केर कोण काढतं? मावशी. म्हणजे बघ.

तिसऱ्या प्रश्नाचं सवडीने लिहितो. शेठ ठणठणीत आहे.

आता मावशीचं. काल ती मांजरांच्या खोलीत असताना मी खुंटीवरची तिची डब्याची पिशवी पाहिली.

हो, उघडून पाहिली. तू आत्ता काय म्हणालीस ते मला इथवर ऐकू आलं.

पण पिशवीत काय होतं ते ऐक आणि मग बोल. डब्याखाली फडक्यात गुंडाळलेली काचेची बाटली. लोणच्याची असते तेवढी. आणि तिच्यात गोचिडी. दहावीस नव्हे, तळ भरून. माझ्या जागेत गोचीड कशी आली याचं उत्तर माझ्याच हातात होतं, झाकणासकट.

ती बाहेर आली. मी बाटली टेबलावर ठेवली.

"हे काय आहे?"

"गोचिडी."

"ते मलाही दिसतंय. कोणाच्या?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीत झोपलेल्या शेठकडे पाहिलं. म्हणाली, "ते मला विचारू नका, मालक."

"का? सांगायला तोंड नाही?"

"तोंड आहे हो. तुम्हाला कान नाहीत."

मला! कान नाहीत! पानपट्टीवर कोण शिंकलं ते जो घरात बसून सांगतो त्याला!

म्हटलं, उद्यापासून येऊ नका. तिने एप्रन काढला, घडी घातली, खुंटीला अडकवला. दारात वळून म्हणाली, "मनीची पिशवी उघडलीत, माझी उघडलीत. आता एकदा स्वतःची उघडून बघा."

उद्धटपणा बघ. तुझा विषय मध्ये आणायचं तिला काय कारण होतं?

बाटली मी पुरावा म्हणून कुलपात ठेवली आहे. डॉक्टर बाहेरगावी गेलेत. आले की त्यांना दाखवून त्या चौकापलीकडच्या गृहस्थालाही बघतो. बँकेतल्या बाईंचा कुत्रा डॉक्टरांच्या मदतनिसाकडे सलाइनवर आहे. तू म्हणालीस काढू नका, तरी काढली. राग येईल. पण तू इथे नव्हतीस.

तुझा,
बाबा


५ मे

मने,

आशीर्वाद बिशीर्वाद शेवटी लिहितो, तोवर तुला नको असतील तर कळेल.

मावशी गेल्यापासून मांजरं माझ्या हातचं खात नाहीत. राखाडी मांजरीने तर ताटली पंजाने उलटी केली आणि माझ्याकडे अशी पाहत बसली की मीच माफी मागितली. आणि गोचिडी निघतच राहिल्या. मावशी घरी बसलेली, भेगा बुजलेल्या, अकराही कुत्र्यांना थेंब घातलेले, तरी गुरुवारी फळीवर दोन चढताना सापडल्या. तेव्हाच मला समजायला हवं होतं. माणसाला जे समजून घ्यायचं नसतं त्यासाठी त्याच्याकडे फार हुशारी असते.

डॉक्टर आल्यावर बाटली घेऊन गेलो. त्यांनी ती उजेडात धरली, झाकण उघडून वास घेतला आणि हसायला लागले.

"हे स्पिरिट आहे. मेल्यात या सगळ्या. अहो, तुमच्याकडे सोडायच्या असत्या तर आधी मारून कशाला आणल्या असत्या?"

मी म्हटलं, "मग कशासाठी?"

"काढून टाकल्यात कोणीतरी. चिमट्याने, एकेक, तोंडासकट. कसबी हात आहे. आणि एकाच कुत्र्याच्या दिसतात, केस बघा ना." त्यांनी चिमट्याने एक केस वर काढला. "तुमच्याकडे पांढरा कुत्रा कोणता?"

पांढरा आपल्याकडे एकच आहे. मी त्यांना सांगितलं, बघून सांगतो.

दुपारी कॉटवर पडलो आणि पहिल्यांदा नीट ऐकलं. कॉटच्या पायावर टक, टक, टक. शेठ खाजवत होता. त्याचा पाय लाकडावर आपटत होता. मने, हा आवाज मी कितीतरी महिने ऐकतोय. ऊन वाढलं की लाकूड वाजतं, असं स्वतःला सांगून कूस बदलत होतो. सगळ्या गावाच्या कड्या मला ऐकू येतात.

उठलो. पट्टा वर सरकवला. खाली गळ्याभोवती गोल रांग होती, मण्यांसारखी. मागे ऑफिसातल्या फळीत ज्यांनी घर केलं, त्या माझ्या खुर्चीत बसणाऱ्याच्या अंगावरून उतरलेल्या होत्या. बँकेतल्या बाईंचा कुत्रा ते दहा दिवस रोज त्याच खुर्चीखाली लोळायचा. मीच लोळू देत होतो, गुणी होता म्हणून.

आता तुझा तिसरा प्रश्न. शेठचा पट्टा बदललेला नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये जाताना तू तो गोचिडीच्या औषधाचा पट्टा बांधलास. मी दाराशी पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर धरून उभा होतो. माझ्याशी बोलत नव्हतीस, म्हणून शेठला म्हणालीस, "हा आठ महिने चालेल. संपला की मी येऊन बदलीन." नोव्हेंबरात तो संपला. मी तारीख पाहिली होती. म्हटलं, एखादा महिना इकडेतिकडे. मग डिसेंबर. मावशीने एकदा अंघोळ घालताना पट्टा काढायला घेतला तर मी असा ओरडलो की तिच्या हातातला साबण पडला. तो काढायचा म्हणजे तू येणार नाहीस हे माझ्याच हाताने मान्य करायचं. गिऱ्हाइकांना मात्र रोज सांगत होतो, पट्ट्याची मुदत बघा हो, औषध संपलं की तो नुसता पट्टा उरतो.

संध्याकाळी मावशीकडे गेलो. ती दारात पालेभाजी निवडत होती. बसा म्हणाली नाही.

मी म्हटलं, "कडी तुम्ही वाजवत होता."

"वाजू नये म्हणून फडकं लावत होते. रोज दुपारी तुम्ही घोरायला लागलात की यायचं, त्याच्या निघतील तेवढ्या काढायच्या. पट्ट्याखाली कुठे हात घालू देत होता तुम्ही?"

"आणि नऊच नळ्या?"

तिने भाजी खाली ठेवली. "दोघांना त्या दिवशी सकाळी अंघोळ घातलेली. अंघोळीनंतर दोन दिवस थेंब घालायचे नाहीत, हा नियम कोणाचा?"

माझा.

"सांगितलं का नाहीत?" मी म्हटलं.

"काय सांगू? तुमची लेक येत नाही म्हणून सांगू?" मग जरा थांबून, "चुकलं माझंही. दुसऱ्याचा कुत्रा आजारी पडला तेव्हा बोलायला हवं होतं. पण तुमचं तोंड बघून जीभ रेटली नाही."

तिथेच पायरीवर मी तिची माफी मागितली. तिने ऐकून घेतली आणि म्हणाली, "आधी तो पट्टा काढा. मग येते."

काढला. बकल गंजलं होतं; कात्री लावावी लागली. शेठ मान झाडत राहिला, मग खुर्चीवर न चढता गार फरशीवर पसरला आणि तासभर एकदाही खाजवला नाही. मावशी दुसऱ्या दिवशी आली. मांजरं जेवली. बँकेतल्या बाईंच्या दारात जाऊन सगळं खरं सांगितलं. त्यांनी दार लावलं नाही, एवढंच म्हणेन. कुत्रा आता उठून बसतो, भात चाटतो. डॉक्टर म्हणतात, वाचला.

एक राहिलं. ते सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

तू लहानपणापासून पावलांचा आवाज न करता चालायचीस, म्हणून तुला मनी म्हणायला लागलो. ज्याचा मला आवाज येत नाही त्याचा मला संशय येतो, ही माझी खोड. दाराआड तू डॉक्टरांशी हळू बोलत होतीस आणि मला वाटलं, दोघं मिळून वेगळी जागा थाटताहेत. म्हणून पिशवी उघडली. आत नोकरीचं पत्र होतं. त्याखाली एक वही होती, तिच्याबद्दल मी कधी बोललो नाही. कोणत्या कुत्र्याला कधी थेंब, मांजरांचं औषध कोणत्या फळीवर, उन्हाळ्यात भिंती किती दिवसांनी बघायच्या. पहिल्या पानावर 'बाबांसाठी'. पुढे रिकामी पानं होती. तुझं लिहून व्हायचं होतं. तू दारात येऊन उभी राहिलीस तेव्हा ती वही माझ्या हातात होती, आणि मी चुकलो म्हणायच्या ऐवजी विचारलं, "हे काय चाललंय?"

चुकलो.

शेठला गोचिडीची गोळी दिली आहे, महिनाभर पुरते, पुढचीही आणून ठेवली आहे. त्याच्या जिवाला धोका नाही. तेवढ्यासाठी तू धावत यायला नको. गळा मोकळा ठेवलाय. नवा पट्टा आणला आहे, तुझ्या खोलीतल्या टेबलावर त्याच्या डबीत आहे.

डबी मी उघडलेली नाही.

आशीर्वाद,
बाबा