सहाच्या सहा बाहेर

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला काही सांगावं असं मला कधी वाटलं नाही. आजही प्रेमाचं भरतं आलं आहे अशातला भाग नाही. आज सकाळी इथे, टोकियोत, एका माणसाने तुमचं काम माझ्यासमोर नीट करून दाखवलं, आणि तेव्हापासून मला तुमचा इतका राग आला आहे की दुपारचं जेवण ओट्यावर तसंच पडून आहे.

तुम्हाला हसू येईल, पण मी 'हौशी' झाले आहे. निशी-कसाईत आमच्या वस्तीत रहिवाशांचं अग्निशमन दल असतं, त्याला शोबोदान म्हणतात. कोणी तांदळाचा दुकानदार, कोणी न्हावी, आणि दोन वर्षांपासून मी, कारण इथल्या भारतीय कुटुंबांना सूचना समजावून सांगणारं कुणीतरी त्यांना हवं होतं. आमच्यावर अग्निशमन केंद्रातला एक पगारी अधिकारी असतो. तो आम्हाला शिकवतो. आग लागली तर आत जाणार तो आणि त्याची माणसं. आम्ही पाण्याचे होज ओढायचे, गर्दी मागे ठेवायची, म्हाताऱ्यांना जिन्यावरून उतरवायचं. तुमच्या कारखान्याच्या फायर स्टेशनात तरी वेगळं काय होतं? तुमच्या हाताखाली सहा पगारी जवान, आणि बाकी रविवारी कवायतीला येणारे कामगार, ज्यांना तुम्ही तोंडावर हौशी म्हणायचात. त्यांतलाच एक आपला मामा, आईचा धाकटा भाऊ.

आज शाळेच्या मैदानात सराव होता. पांढऱ्या तंबूत खोटा धूर भरतात आणि लोकांना वाकून त्यातून बाहेर यायला शिकवतात. शेवटी अधिकाऱ्याने आम्हाला मोजलं. आम्हाला आधी, स्वतःच्या माणसांना नंतर. एक कमी भरला. कोपऱ्यावरचे न्हावी, सगळे त्यांना तोकोया-सान म्हणतात, ते दिसेनात. तांदूळवाले म्हणाले, "चहा आणायला समोरच्या दुकानात गेले असतील." अधिकारी म्हणाला, "असतील म्हणून चालत नाही," आणि मास्क चढवून तो त्या खोट्या धुरात रांगत शिरला. एक कोपरा सोडला नसेल त्याने. आम्ही होज हातात धरून तसेच उभे. तो बाहेर आला तेव्हा तोकोया-सान फाटकातून चहाच्या बाटल्यांची पिशवी घेऊन येत होते. म्हातारा शरमला, कमरेत वाकून माफी मागायला लागला. त्यावर हा घामाने निथळणारा माणूस त्यांच्याहून खाली वाकला आणि म्हणाला, "तुम्ही जाताना मी पाहिलं नाही. चूक माझी आहे." कुणी हसलं नाही. मी दलाच्या गाडीमागे जाऊन उभी राहिले.

तो दिवस तुम्हीही विसरला नसाल. मी बारा वर्षांची, तुम्ही आणि मामा जेवायला घरी आलेले, आई मागच्या अंगणात धुणं वाळत घालतेय. मामा ताटावर म्हणतो, "दाजी, किती दिवस नुसते पाइप गुंडाळायचे?" तुम्ही म्हणता, "पाइप न्हाणीघरात असतो. याला होज म्हणतात. एवढं कळलं की मग बघू." मामा हसतो. तो तुमच्या कुठल्याही टोमण्यावर हसायचाच. तेवढ्यात भोंगा वाजतो. तुम्ही हात धुता, चप्पल सोडून बूट चढवता आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणता, "चल, आज तुला आत नेतो. बघ तरी काय असतं ते." हे तुमचे शब्द. मी वरणाची वाटी हातात घेऊन बसले होते. आईने ऐकले नाहीत, मी ऐकले.

हौशी माणसाने आगीभोवतीच्या दोरीच्या आत पाय ठेवायचा नाही, हा नियम तुमचाच. आत जाणाऱ्या पगारी जवानांचे पितळी बिल्ले मोजणीसाठी तुमच्या फळ्यावर लटकायचे. हौशींची नावं गेटवरचा हवालदार वहीत लिहून घ्यायचा. मामा तर तुमच्या स्कूटरवर मागे बसून आला. त्याला गेटवर कोण अडवणार, आणि मेहुण्याचं नाव वहीत लिहा असं तुम्हाला कशाला सुचेल? घरचाच माणूस. त्यामुळे तो ना फळ्यावर होता, ना वहीत. पुठ्ठ्यांच्या गोदामाचं छप्पर कलायला लागलं तेव्हा तुम्ही शिट्टी वाजवून माणसं बाहेर काढलीत, बिल्ले मोजलेत आणि ओरडलात, सहाच्या सहा बाहेर. मग छप्पर पडलं. चौकशीत तुम्ही सांगितलंत की मामा परवानगीशिवाय शिरला. हौशी माणसं हटवादी असतात, असंही म्हणालात म्हणे. तुमची नोकरी राहिली, क्वार्टर राहिलं. आई स्वतःच्या मेलेल्या भावावर रुसली. त्याचा फोटो तिने भिंतीवर लावला नाही. कपाटात साड्यांखाली ठेवला.

बाबा, मोजताना चुकलात हे मी एखादे वेळी सोडून दिलं असतं. धुरात माणूस चुकतो. पण नंतर पुरतं भानावर असताना, इस्त्रीचा युनिफॉर्म घालून, खुर्चीवर बसून तुम्ही तो दोष त्याच्या माथी मारलात, ज्याला तोंड उरलं नव्हतं. आणि रात्री घरी येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवलात. मला काय ठाऊक आहे, याची तुम्हाला शंका तरी आली होती का?

दुपारी आईचा फोन आला. आज मामाची तिथी, हे तिने सांगितलं नाही, मीही तो विषय काढला नाही. मी तिला सकाळची गोष्ट सांगितली, तंबूची, चहाच्या पिशवीची. मग जे तिने इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं ते विचारलं. "तू होतीस ना गं तेव्हा जेवायला बसलेली? तो आपणहूनच गेला ना?" मी म्हटलं, "हो गं आई. हट्टीच होता मामा."

तुम्हाला वाचवायला बोलले असं समजू नका. खरं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "मग तू एवढी वर्षं गप्प का बसलीस?" ते मला ऐकायचं नव्हतं.