परीक्षकाची दाढ

१० सप्टेंबर, बुधवार
उजवीकडची खालची दाढ तुटली. म्हणजे अर्धीच. भाजलेल्या भुट्ट्याचे शेवटचे दाणे काढताना. दोष भुट्ट्याचा. तुकडा व्हर्नियरने मोजला, साडेचार मिलिमीटर. फॅक्टरीत बत्तीस वर्षं गेज लावून मापं तपासली, हाताला राहवत नाही. तुकडा काडेपेटीत ठेवलाय.
शकु म्हणाली, किती वर्षांपासून डावीकडूनच चावून राहिले तुम्ही, आता तरी दाखवा. बायकोचा गैरसमज. मी दोन्ही बाजू आलटून पालटून वापरतो.

११ सप्टेंबर
दुखत नाही. म्हणजे दाढ ठीक आहे. थंड पाण्याने झटका बसतो, म्हणून थंड पाणी बंद. प्रश्न सुटला.
शिवाय पितृपक्ष चालू आहे. या दिवसांत अंगात नवीन वस्तू बसवू नये. शकु म्हणाली, असं कोणत्या पोथीत लिहिलंय? पोथीत नाही. तर्कात आहे.
१२ ऑक्टोबरला आमच्या मराठी मंडळाची दिवाळी फराळ स्पर्धा. चकलीचा परीक्षक सलग अकरा वर्षं मीच. गुणपत्रिकाही माझीच: काटे, वेढ्यांमधलं अंतर, रंग, आणि कुरकुरीतपणाला शंभरपैकी चाळीस. तो डोळ्यांनी कळत नाही, दाढेनेच कळतो. माझ्या मार्गदर्शनाखाली दर्जा इतका वाढलाय की हल्ली पहिली येणारी चकली तोंडात ठेवली की विरघळते.
भय्यासाहेबांचा या खुर्चीवर डोळा आहे. ते बँकेतून रिटायर, सध्या चिवड्याचे परीक्षक. चिवडा काय, कोणीही तपासेल.
परीक्षकाच्या घरची म्हणून शकुला भाग घेता येत नाही. तसं नुकसान नाही. तिची चकली मऊ असते. मी दर दिवाळीला प्रेमाने सांगतो.

१५ सप्टेंबर, सकाळी ७
गाल सुजला. रिक्षा केली.

१५ सप्टेंबर, दुपारी
चेरीतालला दातांच्या डॉ. मेघनाकडे गेलो. दवाखाना शकुने ठरवला. मेघना म्हणजे भय्यासाहेबांची सून. ही गोष्ट मी लक्षात ठेवली आहे.
एक्स-रे झाला. आधी रूट कॅनाल, मग कॅप. तिने समजावलं: नस काढायची, दाढ चारी बाजूंनी घासून लहान करायची, माप घ्यायचं, टेम्पररी कॅप लावायची, दहा-बारा दिवसांनी लॅबमधून पक्की आली की ती चिकटवायची. मी म्हटलं, रफ मशीनिंग, गेजिंग, ट्रायल, फायनल फिटिंग. ती म्हणाली, अच्छा काका, तुम्हाला तर सगळंच येतं. असा पेशंट तिला पहिल्यांदाच मिळाला असणार.
इंजेक्शनला घाबरलो नाही. खुर्चीचा हात निघाला, तो आधीच ढिला होता.

२२ सप्टेंबर
आज घट बसले. रूट कॅनाल काल-परवाच संपलं, म्हणजे पितृपक्षात झालं, पण त्यात वस्तू काढली, बसवली नाही. नियम मोडलेला नाही.

२६ सप्टेंबर
दाढ घासली. तिने तोंडात पुट्टी भरून माप घेतलं. मी टॉलरन्स विचारला, म्हणजे मापात किती फरक चालतो ते. पुट्टीमुळे तिला कळलं नाही.
मग रंग. दातांच्या रंगांची एक पट्टी असते. मी भेडाघाटच्या संगमरवरासारखा सगळ्यात पांढरा दाखवला. तिने शेजारच्या दातांना जुळेल असा निवडला. तो चहाचा रंग आहे.
टेम्पररी कॅप लावली. मग निळा कागद दातांत धरून चावा म्हणाली, कुठे जास्त लागतं ते बघायला. मला भरून आलं. हीच तर आमची पद्धत! दोन पृष्ठभाग जुळतात का ते निळा रंग लावूनच बघायचो. तिला सगळं सांगितलं. बाहेरून एक बाई हिंदीत ओरडली, भैया, हमारा नंबर आज आएगा कि नहीं?
सूचना: त्या बाजूने कडक आणि चिकट खायचं नाही. टेम्पररी हलली तर लगेच फोन करायचा. पक्की ८ तारखेला. स्पर्धेला चार दिवस शिल्लक. नियोजन याला म्हणतात.

२८ सप्टेंबर, रविवार, सकाळी
कॅप किंचित उंच आहे. मेघनाच्या नजरेतून सुटलं. वय लहान आहे.
ट्रंकेतून मार्किंगचा निळा रंग काढून तपासणी केली. एकच हाय स्पॉट, म्हणजे उंचवटा. रंग जीभ, मिशी, बनियन आणि शकुच्या टॉवेललाही लागला, पण निदान पक्कं. बारीक कानस काढली. शकु आरशात मागून म्हणाली, काहून तोंडात कानस घालून राहिले? मेघनाला फोन लावा ना. मी म्हटलं, रविवारी बाईमाणसाला कशाला त्रास. तीन-चार घासे मारायचं काम आहे.

२८ सप्टेंबर, संध्याकाळी ५
घासे थोडे जास्त झाले. पण आता लेव्हल एकदम चोख. कॅपला वरून छोटं भोक पडलंय, त्यातून कानस जरा आतल्या दाढेलाही लागली. नस नाहीच, त्यामुळे दुखलं नाही. उलट हवा खेळती राहते. पास.

१ ऑक्टोबर
स्पर्धेचा सराव. सदर बाजारातून चकली आणली. कडक खायचं नाही ही सूचना अन्नाला लागू. ही टेस्ट पीस होती.
आवाज छान आला. तो कॅपचा होता. अर्धी हातात आली. उरलेली सापडत नाही, पोटात गेली असावी. प्रकृती दणकट आहे.
मेघनाला फोन करणार होतो, पण आठ दिवसांनी जायचंच आहे. मेणबत्तीचं मेण लावून अर्धी परत बसवली.

२ ऑक्टोबर
दसरा. मेण श्रीखंडात निघालं. परत लावलं.

८ ऑक्टोबर
मेघनाने मेण काढलं. लॅबमधून आलेली पक्की कॅप बसवून पाहिली. डगमगते! मोठा आरसा घेऊन बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, काका, दाढ इथे कोणी घासली? मी म्हटलं, ब्रश जरा जोरात करतो. म्हणाली, ब्रशने इतकी सपाट नाही होत, काका. सपाट आहे हे खरं. हात अजून चांगला आहे माझा.
परत माप घेतलं. नवी कॅप १७ तारखेला. स्पर्धा १२ला!
रिक्षात विचार केला. कॅप बसली नाही, यात फायदा कोणाचा? भय्यासाहेबांचा. सून कोणाची? भय्यासाहेबांची. सगळं जुळतं.

१० ऑक्टोबर
भय्यासाहेब घरी आले. पेढे घेऊन. पेढेच का, ते मला कळतं. म्हणाले, बापू, तब्येत बघा आधी, या वर्षी चकली मी बघून घेतो ना. मी सांगितलं, परीक्षक खुर्ची सोडत नसतो. तेवढ्यात शकु आतून म्हणाली, हो भय्यासाहेब, तुम्हीच बघा. पाहुण्यासमोर! वर त्यांना दुसऱ्यांदा चहा दिला.
खुर्ची गेली तर मंडळात माझं दुसरं काय आहे? तरी संस्थेच्या हितासाठी तात्पुरता बाजूला झालो. भय्यासाहेबांना गुणपत्रिका आणि सात पानी सूचना दिल्या. त्यांनी घडी घालून खिशात ठेवल्या. पाठ करतील.

१२ ऑक्टोबर, रविवार, संध्याकाळी
प्रेक्षकांत बसलो. एकोणीस ताटल्या, नुसते नंबर. भय्यासाहेबांनी एकेक चकली डोळे मिटून खाल्ली. आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत येत होता. मी परीक्षक असताना असा आवाज कधी आला नव्हता. चौदा नंबरचे वेढे सारखे, काटे ताठ. शेजाऱ्याला म्हटलं, लिहून ठेवा, हीच पहिली. तोंडात न घालता!
चौदा नंबरच पहिली आली. नाव पुकारलं. सौ. शकुंतला. शेजारी बसलेली माझी बायको उठली आणि पदर सावरत स्टेजवर गेली.
घरी येताना विचारलं, चकली एकदम अशी कडक कशी झाली? ती म्हणाली, दर वर्षी होते. शेजारीपाजारी देते ती हीच. तुमच्यासाठी मोहन जास्त घालून वेगळी काढते, आठ वर्षं झाली. दाढ दुखते तुमची, सांगत नाही, मला काय दिसत नाही? मऊ म्हणून नावं ठेवता, ठेवा. पण खाता ना.
मी म्हटलं, मग मंडळातल्या विरघळणाऱ्या? ती म्हणाली, बायकांना काय अक्कल नाही? परीक्षक डावीकडून चघळून राहिला हे सगळ्यांना माहीत होतं. जिला नंबर पाहिजे ती मऊ करायची. तुम्ही पहिल्यांदा परीक्षक झाले त्या वर्षी मी नाव दिलं होतं. मागे घेतलं.


१२ ऑक्टोबर, रात्री ८
पहिल्या नंबरची चकली मागितली. शकुने ती बत्त्याने कुटली, वाटीत चहा ओतून भिजवली आणि चमचा दिला. डावीकडून खाल्ली.
काटे: दिसले नाहीत. वेढे: दिसले नाहीत. कुरकुरीतपणा: तपासता आला नाही. चाळीसपैकी चाळीस दिले. शकुला दाखवले. ती म्हणाली, अच्छा, वाटी विसळून ठेवा.