युफ्तेन पडला त्या उतारावर

मुक्काम अझरू

प्रिय आई,

तुझे हात डोळ्यांना लावते. मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांचा खोकला कसा आहे?

आपला धाकटा युफ्तेन सायकलच्या शर्यतीत दरीत पडून गेला, तेव्हापासून मी सायकलला हात लावला नव्हता. बसावंसंच वाटेना.

परवा त्याच उतारावर एक मुलगी पडली. तिथे गाडी जात नाही, म्हणून दवाखान्यातून औषधं घेऊन मीच सायकलनं खाली गेले.

ती म्हणाली, "ताई, मला एकटीला सोडू नकोस."

माणसं येईपर्यंत तिला धरून बसले. पाय मोडलाय, पण वाचली. युफ्तेनजवळ कुणीच नव्हतं गं.

आता रोज सायकल काढते. तू रागावशील, पण त्या उतारावर कुणीतरी असायला हवं.

तुझीच,
टिलिला