आईला ‘मॅडम’ म्हटल्याबद्दल

मुरबाड,
१२ फेब्रुवारी २००४

चि. आदेश यास,

रविवार, दिनांक ८ फेब्रुवारी रोजी, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, फोर्टातल्या एका महागड्या हॉटेलच्या दारात, तू स्वतःच्या सख्ख्या आईला “गुड आफ्टरनून, मॅडम” असं म्हणालास. वेळ मी तिथल्या भिंतीवरच्या घड्याळात पाहून ठेवली आहे. (सगळी नोकरी कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. कोण कोणाशी कधी काय बोललं, हे माझ्या डोक्यात आपोआप टिपलं जातं.) तेव्हा नाकबूल करण्यात वेळ घालवू नकोस.

आता रीतीप्रमाणे. तुझी तब्येत कशी आहे? गळ्याजवळची हाडं दिसत होती. निदान त्या काळ्या बोमुळे तरी तसं वाटलं. इकडे सर्व ठीक. गावी वैशाखऱ्याला यंदा वाल बरा आला आहे. तुझ्या बापाचा गुडघा दुखतो आणि तो दुखत नाही असं सांगतो, म्हणजे तोही बराच म्हणायचा. पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात म्हणून लिहिते आहे. ते कायम ठेवायचे की परत घ्यायचे, हे तुझं उत्तर वाचून ठरवीन. फोन का केला नाही, असं विचारशील. मी आयुष्यभर लोकांचे फोन जोडून दिले. फोनवर माणसं काय काय कबूल करतात आणि रिसीव्हर ठेवल्यावर किती विसरतात, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल. म्हणून हे लेखी.

मूळ दोष तुझ्याच जिभेचा. दिवाळीत फोनवर मला ऐट दाखवून सांगितलंस, “आत्ये, मुंबईत खायचं तर दोनच ठिकाणी. पांढऱ्या टेबलक्लॉथवर, नायतर फुटपाथवर. मधले सगळे नुसती पोटं भरतात.” वर हेही सांगितलंस की पांढऱ्या टेबलक्लॉथवाल्या एका हॉटेलात तू मॅनेजर आहेस, माडीवर ऑफिसात बसतोस, एसी इतका गार की स्वेटर घालावा लागतो. मी हे जसंच्या तसं तुझ्या आईला सांगितलं. ती चुलीत फुंकर घालत होती. तिनं एवढंच विचारलं, “मग जेवतो कवा?”

त्या प्रश्नावरून मला सुचलं. गीता आमच्या घरात सून म्हणून आली तेव्हापासून मी तिला बसून गरम जेवताना पाहिलेलं नाही. घरात ती सगळ्यांच्या मागून जेवते. लग्नकार्यात मांडवामागे चुलीपाशी असते. तिच्या स्वतःच्या लग्नातसुद्धा ती बसली आणि भात संपला, असं ती हसत सांगते. मी ठरवलं, ही बाई एकदा तरी खुर्चीवर बसेल, कुणीतरी तिला वाढेल, आणि जेवण होईपर्यंत ती उठणार नाही. तेही तिच्या मॅनेजर मुलाच्या हॉटेलात. तुला आधी कळवलं नाही, कारण मला तुझा आनंदानं उघडा पडलेला जबडा पाहायचा होता. (तो पाहिला. आनंद त्यात नव्हता.)

तयारी मी माझ्या पद्धतीनं करून घेतली. कपाटातल्या काटे-सुऱ्या काढल्या आणि तिला आठवडाभर भाकरीवर सराव दिला. भाकरीनं बराच विरोध केला. कोपर टेबलावर नको, तोंडात घास असताना बोलायचं नाही, काटा-सुरी एकमेकांपासून फाकवून ठेवली म्हणजे ‘अजून जेवते आहे’, आणि शेजारी शेजारी जुळवून ठेवली म्हणजे ‘झालं, ताट न्या’. कॉन्व्हेंटात सिस्टर आग्नेसनी आम्हाला हेच शिकवलं, आणि मे महिन्याच्या सुट्टीत तू माझ्याकडे यायचास तेव्हा मी तुला हेच शिकवलं, याच काट्यांनी. तुझ्या बापाचं म्हणणं असं की तिथूनच तुझी वाट चुकली. त्याच्याकडे मी नंतर येणार आहे.

तर दारावरच्या माणसाला मी सांगितलं, “मॅनेजर साहेबांना बोलवा, त्यांची माणसं आली आहेत.” तो आत गेला, आणि बाहेर आलास तू. काळं जाकीट, गळ्यात बो, हातात मेनूची दोन पुस्तकं. तुझ्यामागे कोट घातलेला एक जाडा गृहस्थ उभा होता. पुढे कळलं की खरा मॅनेजर तो. तू आमच्याकडे पाहिलंस, तुझ्या तोंडाचं वर सांगितलं ते झालं, आणि मग ते वाक्य. “गुड आफ्टरनून, मॅडम. टेबल फॉर टू?” मी तुझा कान धरायला हात उचलला होता. तेवढ्यात तुझी आई पदर सारखा करत म्हणाली, “व्हय साहेब. दोन मानसं हाव.”

साहेब! आदेश, मी हतबुद्ध होऊन खुर्चीवर बसले. (खुर्ची तू मागे ओढलीस. आधी तिची, मग माझी. माझं वय जास्त आहे.)

नंतर तू विचारलंस, पाणी साधं आणू की बाटलीचं. मी म्हटलं, साधं म्हणजे तानसाचं ना, म्हणजे आमच्याच बाजूचं, आणि तलावाच्या कडेच्या वाड्यांत उन्हाळ्यात बायका कुठून पाणी आणतात ते तुम्हाला ठाऊक आहे का. मी अजून बरंच बोलणार होते. पण तुझ्या आईनं पिशवीतून सरबताची जुनी बाटली काढून टेबलावर ठेवली. घरच्या विहिरीचं पाणी. ती ते कुठेही नेते, तुला माहीत आहे. जाडे गृहस्थ लगेच आले, बाहेरचं पाणी इथे चालत नाही म्हणाले. आणि तू अतिशय गंभीर चेहऱ्यानं त्यांना इंग्रजीत सांगितलंस की मॅडमना डॉक्टरांनी फक्त हेच पाणी सांगितलं आहे. मग ती बाटली तू पांढऱ्या नॅपकिनमध्ये गुंडाळलीस, डावा हात पाठीमागे घेतलास, आणि विलायती दारू ओतावी तसं आपल्या विहिरीचं पाणी आईच्या ग्लासात ओतलंस. एक थेंब सांडला नाही. लहानपणी विहिरीवरून कळशी आणताना तुझी चड्डी भिजायची.

जेवणाविषयी काय लिहू? भाजलेलं पापलेट म्हणून जे आलं, ते पापलेटाच्या आठवणीएवढं होतं. बाजूला हिरव्या रंगाचा एक ठिपका. मी त्या ठिपक्याविषयी गीताला काही सांगावं म्हणून काटा-सुरी नीट जुळवून ठेवली, आणि तू येऊन माझं अर्धं भरलेलं ताट उचलून नेलंस. तक्रार करायलाही जागा नाही, कारण नियम माझाच. पण तिच्या बाबतीत मात्र तुला सगळं आधीच कळत होतं. माशाच्या काट्यांपुढे हातातला काटा तिनं ठेवून दिला, तर बोटांनी खायला लागायच्या आत तिच्या उजव्या हाताशी बोटं बुडवायला लिंबाचं कोमट पाणी हजर. तिनं भात मागितला नाही, तरी भात आला, वाफाळता. ती जेवत राहिली आणि तू तीन पावलांवर भिंतीला पाठ लावून उभा राहिलास. दोघांपैकी एकही जण एकमेकांकडे पाहत नव्हता, आणि मी मधे बसून दोघांकडे पाहत होते. असं अवघडलेलं जेवण मी जन्मात जेवले नाही. तुझी आई मात्र शेवटच्या शितापर्यंत जेवली. मग तिनं काटा-सुरी इतकी सरळ जुळवून ठेवली की सिस्टर आग्नेसनी टाळ्या वाजवल्या असत्या. तू तिचं ताट उचललंस.

बाहेर आल्यावर मी फुटपाथवरच सुरुवात केली. आईला ओळख न दाखवणारा मुलगा, खोटारडा, आणि बरंच. ती म्हणाली, “ताई, पोर कामावर हाय. नांगर धरलेल्या मानसाशी कुनी गप्पा मारतं का? त्या जाड्याची नजर व्हती त्याच्यावर.” आणि ती सरळ हॉटेलच्या मागच्या गल्लीकडे चालू लागली, गिरणीवर दळण घेऊन निघाल्यासारखी. विचारलं, कुठे? तेव्हा कळलं की जेवून ती उठली तेव्हा खुर्ची मागे घेताना तू तिच्या कानाशी पुटपुटला होतास, “आय, मागच्या गल्लीत सँडविचवाला हाय, थितं जा. माझं नाव सांग.” मी तेव्हा बिलाकडे पाहत होते. (बिलाविषयी लिहिणार नाही. रक्तदाब वाढतो.)

नाव सांगावं लागलंच नाही. बिटानं लाल झालेल्या हातांनी काकडी कापणारा तो माणूस तुझ्या आईकडे बघून म्हणाला, “आदेशची आई ना? नाक तेच. बसा.” आपलं स्टूल त्यानं तिला दिलं. हॉटेलातले तुझे दोन-तीन जोडीदार तिथेच उभ्यानं खात होते. त्यातल्या एकानं विचारलं, वालाचं बिरडं आणलंय का, आदेश रोज त्याच्याबद्दल सांगून आमची भूक चाळवतो. आणि सँडविचवाला म्हणाला, “ते वरणाची बादली घेऊन पंगतीत धावणारे, ते तुमचे मिस्टर ना? पाचशे माणसं उठेपर्यंत एकाच्याही पानावर थेंब इकडचा तिकडे नाही, असं सांगतो हा.” म्हणजे हॉटेलात मॅडम आणि गल्लीत अख्खं खानदान! हा हिशेब मला अजून लागलेला नाही.

बाईमाणसानं रस्त्यात उभं राहून खाऊ नये, असं कॉन्व्हेंटात बजावलेलं होतं. स्टूल एकच होतं. मी उभ्यानं दोन सँडविच खाल्ली, हिरव्या चटणीसकट, आणि त्या वेळी सिस्टर आग्नेसनी वरून दुसरीकडे पाहिलं असेल अशी आशा करते. फुटपाथबद्दल तू म्हणालास ते खरं आहे, एवढं मान्य. तू येशील म्हणून आम्ही थांबलो. पण रविवारी तुला सुटायला उशीर होतो म्हणे, आणि कल्याणहून आपल्या बाजूची शेवटची एसटी कुणाच्या मुलासाठी थांबत नाही. निघताना तुझ्या आईनं उरलेल्या पाण्याची बाटली सँडविचवाल्याकडे दिली. “घरचं पानी हाय, त्याला द्या,” म्हणाली. मुरबाड आल्यावर म्हणाली, “चालतो कसा, बगितलंस?”

आता तुझा बाप. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वैशाखऱ्याला गेले. धर्मा अंगणात वालाच्या शेंगा झोडत होता. दोन वर्षांपूर्वी याच अंगणात तो तुला म्हणाला होता की लोकांची उष्टी काढायची असतील तर या घरात पाय ठेवू नकोस. आणि तू ठेवला नाहीस. त्याला मी स्पष्ट सांगितलं की तुझा मुलगा मॅनेजर नाही, तो वाढतो आणि ताटं उचलतो. काठी थांबली. आतून तुझी आई म्हणाली, “माजं पन त्यानंच उचललान.”

धर्मा म्हणाला, “वाढनं मी पन वाढतो, ताय. पन आपल्या मानसांना.” मी म्हटलं, रविवारी त्यानं कुणाला वाढलं मग? आणि सँडविचवाल्याचं बादलीचं बोलणं सांगितलं, पाचशे माणसांसकट. त्यानं काठी खाली टेकवली. मग विचारलं, “बादलीचं त्यानं सांगितलान?” मी म्हटलं, मुंबईत सांगतो, इथे सांगायची सोय तू ठेवली नाहीस. तो पुन्हा झोडायला लागला. त्या शेंगांत दाणा राहिला नव्हता.

तर आदेश, मला खुलासा हवा आहे. मॅनेजर असल्याचं खोटं का सांगितलंस. इतकं नीट काम करणाऱ्या माणसाला त्याची गरज काय होती. आणि आईला मॅडम म्हणताना तुझा आवाज का बसला होता. (मला ऐकू आलं. मी एक्स्चेंजमधली आहे.) उत्तर लेखी, सहीसह, शनिवार दिनांक ६ मार्च रोजी गावची होळी पेटायच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. फोन केलास तर मी ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून देईन.

तुझी,
राही आत्या

ता. क. या पत्राचं तुझ्या आईला माहीत नाही. तिची काही तक्रार नाही. ती गिरणीवर सगळ्यांना सांगते आहे की माझ्या पोरानं खुर्ची ओढून मला बसवलं आणि मॅडम म्हणाला. तिच्या दृष्टीनं तो सन्मान होता. तिचं हे मत बदलण्याचा प्रयत्न मी सोडला आहे.

पुन्हा ता. क. सरबताची बाटली माझी आहे, ती परत हवी. आणि शेवटी काचेच्या वाटीत जे गार, आंबट-गोड आलं होतं त्याचं नाव कळव. नुसती चौकशी.

आणखी एक. काल धर्मा स्वतःहून मुरबाडला आला, गुडघा दुखत असताना. वाल घेऊन आलो म्हणाला. चहा पिऊन झाल्यावर भिंतीकडे बघत विचारलं, “बाईला मॅडम म्हनतात, तर गड्याला काय म्हनतात?” मी सांगितलं, सर. जरा वेळानं म्हणाला, “थितं गर्दी कंच्या वारी कमी असते?” सणाला तुला सुट्टी मिळणार नाही, हे मला कळतं. म्हणून होळीनंतरच्या कुठल्याही वारी, तू ज्या बाजूला वाढत असशील तिथे तीन माणसांचं टेबल सांगून ठेव. सर म्हण. ‘बा’ म्हणालास तर तो तिथे रडेल, आणि जाड्याला काय सांगायचं ते तुलाच ठरवावं लागेल.

शेवटचं. कालपासून तो माझ्याकडेच आहे आणि काटा-सुरीचा सराव करतो आहे. फाकवून ठेवली म्हणजे जेवण चालू आणि जुळवली म्हणजे संपलं, एवढं त्याला समजलं. पण तो जुळवतच नाही. मी रागावले तर म्हणतो, “नाय जुळवली तर ताट उचलीत नाय ना? मंग किती वेळ बसून ऱ्हाता येतं?” हे मला माहीत नाही. तेही लेखी कळव.