तळमजल्यावरची खोली मंजूर झाली

नेरूळ, ११ जानेवारी १९९६

तीर्थरूप आईस, मीनाचा वाकून नमस्कार.

आई, मंजूर झालं! सोसायटीच्या तळमजल्यावरची मोठी खोली आता म्हाताऱ्या माणसांसाठी. दहा ते पाच उघडी, सोबतीला एक नर्सबाई.

तुला आम्ही पाच मुलं, मला एकटी ईश्वरी. इमारतीत घरोघरी हेच. उद्या एकटं मूल कुणाकुणाला बघणार? म्हणून सभेत मीच विषय काढला.

सेक्रेटरी सबनीस म्हणाले, "तिथे टेबल टेनिस ठरलंय. आपल्याकडे म्हातारं आहेच कोण?"

मी विचारलं, "तुमची आई कुठे असते?"

ते हळूच म्हणाले, "मिरजेला. एकटीच." आणि पहिला हात त्यांनीच वर केला!

आमच्याकडे राहायला ये म्हटलं की, दिवसभर कुलपात कोंडून राहणार नाही, म्हणायचीस ना? आता ते कारण संपलं.

न्हाणीत पडलीस ते शेजारच्या भागीरथीकाकूंनी कळवलं. तू का लपवलंस? गुडघा कसा आहे? खरं सांग.

पुढच्या रविवारी मी स्वतः न्यायला येतेय. गाय कुणाकडे ठेवायची तेवढं तू ठरव, बाकी सगळं मी ठरवलंय.

तुझी हट्टी लेक,
मीना